साहित्यमेळावा आणि लेखकाचा मुक्काम : डहाणू-तलासरी परिसराच्या निमित्ताने

प्रस्तावना



साहित्यनिर्मिती ही एकांतात, दार लावून करायची गोष्ट आहे, असा समज आपल्याकडे बराच रुळलेला आहे. मागील घटकांत आपण लेखक, संहिता आणि वाचक यांचा विचार केला, तोही बहुतांशी हाच समज गृहीत धरून. या घटकात साहित्यव्यवहाराच्या दोन अंगांकडे वळायचे आहे. पहिले अंग म्हणजे लेखकाने आपले घर सोडून दुसऱ्या ठिकाणी जाऊन राहणे आणि त्या राहण्यातून लिहिणे. दुसरे अंग म्हणजे माणसांनी एकत्र जमून साहित्य सादर करणे, ऐकणे आणि त्यावर बोलणे. पहिल्याला अलीकडे ‘लेखक-निवास’ किंवा ‘निवासी शिबिर’ म्हणतात. दुसऱ्याला संमेलन, मेळावा, सभा अशी अनेक नावे आहेत.

या दोन्ही अंगांचा अभ्यास आपण पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या आधारे करणार आहोत. मोठी साहित्यसंमेलने जिथे भरली ती शहरे सोडून हा कोपरा का निवडला, असे तुम्ही विचाराल. मोठ्या शहरात साहित्यव्यवहाराचे नियम इतके अंगवळणी पडलेले असतात की ते दिसेनासे होतात. कोण बोलणार, कोण ऐकणार, कोणत्या भाषेत बोलायचे, किती वेळ बोलायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. डहाणू-तलासरीत यातील एकही गोष्ट आधी ठरलेली नव्हती. तिथे त्या ठरवाव्या लागल्या आणि त्यावरून वादही झाले.

‘मुक्काम’ या शब्दाविषयी

प्रथम संज्ञांचा विचार करू. ‘लेखक-निवास’ ही संकल्पना आज ज्या रूपात चर्चिली जाते ते रूप पाश्चात्त्य आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९०७ मध्ये मॅकडॉवेल वसाहत सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातील ‘याडो’ येथे १९२६ पासून लेखक-कलावंत राहू लागले. लेखकाला खोली द्यायची, जेवण द्यायचे, त्याच्या कामात कोणी व्यत्यय आणायचा नाही आणि मुदत संपली की त्याने निघून जायचे, अशी ही पद्धत. १९६७ मध्ये आयोवा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू झाला आणि त्याने या कल्पनेला वेगळे वळण दिले. तिथे निरनिराळ्या भाषांतील लेखक एकमेकांच्या सहवासात राहतात. आपले दिलीप चित्रे १९७५ मध्ये या कार्यक्रमासाठी गेले होते. भारतात ‘संगम हाऊस’ने २००८ मध्ये अशी सोय सुरू केली.

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे. लेखक ज्या गावात राहतो त्या गावाशी त्याचा संबंध असलाच पाहिजे, अशी अट नसते. गाव हे शांततेचे ठिकाण असते, एवढेच. त्यामुळे आपल्या विषयासाठी मला ‘निवास’ या शब्दापेक्षा ‘मुक्काम’ हा शब्द अधिक उपयोगी वाटतो. मूळ अरबी ‘मुकाम’ हा शब्द फार्सीमार्गे मराठीत आला आणि इथे इतका मुरला की पत्रावरील पत्त्याची सुरुवात ‘मुक्काम पोस्ट’ने होऊ लागली. मुक्काम म्हणजे थांबणे, पण ते कुणाच्या तरी गावात, कुणाच्या तरी ओट्यावर. मुक्कामाला यजमान असतो आणि त्याचे आपल्याविषयी काही मत असते. डहाणू-तलासरीत जे लेखन झाले ते या अर्थाने मुक्कामातून झाले.

परिसर आणि त्याच्या भाषा

डहाणू तालुक्याला समुद्रकिनारा आहे. चिंचणी, डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डी ही किनाऱ्यावरची गावे. तलासरी तालुका बहुतांशी आतल्या बाजूला डोंगराळ भागात पसरलेला असला तरी झाईजवळ तोही समुद्राला टेकतो. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख आहे. डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक, तर तलासरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक अनुसूचित जमातींचे आहेत. किनाऱ्यावर मांगेला मच्छीमार, वाडवळ, भंडारी, बारी, चिकूच्या वाड्या वसवणारे इराणी आणि पारशी, तसेच गुजराती व्यापारी राहतात. आत वारली, धोडी, दुबळा, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. १ मे १९६० रोजी दोन राज्यांची सीमा आखली गेली तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव गुजरातेत गेले. नकाशावर रेघ पडली म्हणून लग्नसंबंध, बाजार आणि बोली यांच्यात रेघ पडत नाही. तलासरीच्या बाजारात तासभर उभे राहिलात तर हे कानांनीच कळेल.

या प्रदेशाला ‘दुर्गम’ म्हणण्याची प्रथा आहे. ती जरा तपासून घ्यावी. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि एप्रिल २०१३ पासून तिथपर्यंत उपनगरी लोकल धावते. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे तर हा भाग दुर्गम नाही. त्याचे दूरपण भाषेच्या आणि सत्तेच्या मापाने मोजावे लागते.

भाषेचेच पाहा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारली, वाडवळी, सामवेदी, कातकरी या बोलींचा विचार मराठीच्या परिवारात केलेला आहे. भारताच्या जनगणनेत मात्र वारली ही मातृभाषा ‘भिली’ या गटाखाली मोजली जाते. एकच बोली एका ग्रंथात मराठीची बोली ठरते, तर दुसऱ्या कोष्टकात भिलीची. भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने यात फारसे आश्चर्य नाही. गुजराती, भिली आणि मराठी यांच्या संधिप्रदेशात बोली एकमेकींत मिसळत जातात आणि त्यांच्यामध्ये कुंपण कुठे घालायचे हे अभ्यासकाने निवडलेल्या निकषावर अवलंबून राहते. शाळेत बसलेल्या वारली मुलासाठी मात्र हा निकषांचा प्रश्न नसतो. त्याची भाषा ‘अशुद्ध मराठी’ आहे की ‘दुसरी भाषा’ आहे, यावर त्याला मिळणारी वागणूक ठरते. पहिल्या समजुतीत त्याला दुरुस्त केले जाते. दुसरीत निदान त्याला भाषांतराचा हक्क मिळतो. हाच प्रश्न पुढे साहित्यमेळाव्यात पुन्हा उभा राहतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

मुक्कामातून झालेले लेखन

या परिसरात बाहेरून येऊन राहिलेल्या आणि लिहित्या झालेल्या व्यक्तींमध्ये तीन स्त्रियांची नावे अग्रभागी आहेत. तिघींपैकी एकीनेही ‘लेखनासाठी’ इथे येण्याचे ठरवले नव्हते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण कुणाला गुरे चारायची असतात तर कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असते, हे लक्षात आल्यावर त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरांमागे माळावर भरणारी कुरणशाळा हे प्रयोग त्यातून झाले. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा इतिहास परिचित असतो. आपण त्याकडे साहित्याच्या बाजूने पाहू. मुलांशी बोलण्यासाठी गाणी लागली, गोष्टी लागल्या, शिक्षिकांसाठी पुस्तिका लागल्या. त्या लिहिल्या गेल्या. अनुताईंचे आत्मकथन ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या नावाने प्रसिद्ध आहे. या शीर्षकातील पंचमी विभक्तीकडे लक्ष द्या. लेखिका टेकडी‘विषयी’ बोलत नाही, टेकडी‘वरून’ बोलते. ती कुठे उभी आहे हे एका प्रत्ययाने सांगितले आहे. विभक्तिप्रत्यय कोरडे असतात, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांची वाट निराळी होती. किसान सभेचे काम करत त्या आणि शामराव परुळेकर वारल्यांमध्ये आले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार तिथे झाला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे ही वेठ. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर सावकाराकडे बांधील होणे ही ‘लग्नगडी’ पद्धत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. या उठावाची कहाणी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली. ते १९७० मध्ये प्रकाशित झाले आणि १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्याला मिळाला.

हे पुस्तक चळवळीचा इतिहास म्हणून वाचले जाते, आणि तसे ते वाचावेच. भाषेच्या विद्यार्थ्याने मात्र ते आणखी एका कारणासाठी वाचावे. शहरात वाढलेली, कायद्याचे शिक्षण घेतलेली एक स्त्री पाड्यांवर जाते. तिथल्या माणसांना पांढऱ्या कपड्यांतील प्रत्येक माणूस सावकार, जंगलखात्याचा शिपाई किंवा पोलीस वाटतो. ती बोलते ते शब्द त्यांना कळतात, पण ते शब्द कोणत्या हेतूने आले याची खात्री पटत नाही. ही खात्री मुक्कामातून येते. एकाच पाड्यात पुन्हापुन्हा राहणे, तिथले खाणे खाणे, तिथल्या माणसांबरोबर रात्री चालत जाणे यांतून हळूहळू संभाषण शक्य होते. आपण भाषाविज्ञानात ‘संज्ञापनाची पूर्वअट’ असे जड शब्द वापरतो. तिचे इतके ठोस वर्णन मला मराठीत अन्यत्र क्वचित आढळले.

तलवाड्याच्या घटनेचा एक तपशील इथे सांगितलाच पाहिजे. परुळेकरांच्या वृत्तांतानुसार लोक तिथे जमले ते एका खोट्या निरोपामुळे. गोदूताईंच्या नावाने तो निरोप पसरवला गेला आणि तोंडोतोंडी डोंगर ओलांडत गेला. मौखिक परंपरेविषयी आपण फार भावुक होतो. ती समाजाला बांधते हे खरे आहे. निरोप वाहून नेणाऱ्या प्रत्येकावर तिथे विश्वास असतो, म्हणून खोटा निरोपही तितक्याच वेगाने पोहोचतो, हेही खरे आहे. लिखित साहित्य श्रेष्ठ की मौखिक, या वादात उतरण्यापूर्वी दोन्हींची बलस्थाने आणि दोन्हींचे धोके समोर असावेत.

पुढच्या काळात आणखी एक मुक्काम झाला, संकलनासाठी. कवयित्री आणि कादंबरीकार कविता महाजन यांनी वारली लोकगीतांचे संकलन केले. संकलनाचा मुक्काम हा चळवळीच्या किंवा शाळेच्या मुक्कामापेक्षा वेगळा असतो. संकलक काहीतरी घेऊन जाण्यासाठी आलेला असतो, हे यजमानालाही ठाऊक असते. त्यामुळे संकलकावरची नैतिक जबाबदारी अधिक असते.

पालघर, १९९० : व्यासपीठ कुणाचे?

आता मेळाव्यांकडे वळू. मराठी साहित्यसंमेलनाची परंपरा १८७८ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार संमेलनापासून मोजली जाते. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांचा त्यात पुढाकार होता. दुसरे संमेलन १८८५ मध्ये भरले, तेव्हा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले आणि त्यांनी ते पत्राने नाकारले. जे सर्व माणसांना समान हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे मराठी साहित्यसंमेलनाच्या परंपरेइतकीच त्या परंपरेला दिलेल्या नकाराची परंपराही जुनी आहे. पुढे दलित, ग्रामीण, आदिवासी अशी वेगळी संमेलने भरू लागली ती या दुसऱ्या परंपरेतून. आदिवासी साहित्य संमेलनांची सुरुवात १९७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे झाली.

पाचवे आदिवासी साहित्य संमेलन १९९० मध्ये पालघर येथे झाले. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. डहाणू-तलासरीच्या माणसासाठी हे संमेलन जवळ, रेल्वेच्या वाटेवर भरलेले. अध्यक्ष होते वाहरू सोनवणे. ‘गोधड’ हा काव्यसंग्रह लिहिणारे हे भिल्ल कवी धुळे-नंदुरबार भागातील चळवळीतून पुढे आले. त्यांची ‘स्टेज’ ही कविता अनेक भाषांत गेली आहे. व्यासपीठावर चढण्याचे आमंत्रण कुणाला येते आणि कुणाचे दुःख कोण सांगतो, हा तिचा विषय.

पालघरच्या अध्यक्षीय भाषणात सोनवणे यांनी मांडलेला मुद्दा आपल्या अभ्यासक्रमाच्या मुळाशी जातो. जे लिहिलेले तेच साहित्य, ही व्याख्या आदिवासींना लागू होत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. गाणी, कथा, नृत्य आणि सामूहिक जीवन यांतून शतकानुशतके जे व्यक्त होत आले तेही साहित्यच. ही भूमिका स्वीकारली की एक अडचण उभी राहते, आणि ती दडवू नये. संमेलन नावाची रचना मूळ लिखित साहित्यासाठी बनलेली आहे. अध्यक्ष, उद्‍घाटक, परिसंवाद, ठराव, कविसंमेलन हा तिचा सांगाडा. हाच सांगाडा घेऊन मौखिक साहित्याचे संमेलन भरवायचे तर त्या साहित्याला कुठे बसवायचे? बहुधा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या नावाखाली रात्री नऊनंतर. दिवसा विचार आणि रात्री नाच, अशी विभागणी होते. माझ्या मते ही विभागणी आदिवासी साहित्याच्या व्याख्येलाच छेद देणारी आहे. ज्यांनी ती केली त्यांच्या मनात तसे काही नव्हते, हेही मला मान्य आहे.

मांडवातले साहित्य

वारली समाजात साहित्य कुठे राहते, हे पाहिल्याशिवाय हा मुद्दा पुरता उलगडणार नाही. लग्नघरात आतल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. (वारली चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) चौक लिहिला जात असताना आणि पुढच्या विधीत धवलेरी गाते. धवलेरी ही स्त्री असते. लग्न लावण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. भटजी मंत्र म्हणतो तसे ती गाते आणि त्या गाण्याने लग्न लागते. म्हणजे हे गीत लग्नाचे वर्णन करत नाही, ते लग्न घडवते. भाषाविज्ञानात अशा उच्चारांना कृतिरूप उच्चार म्हणतात. न्यायाधीशाचा निकाल, सभेतील शपथ ही त्याची शहरी उदाहरणे. धवलेरीचे गीत हे त्याचे फार समृद्ध उदाहरण आहे.

तसेच तारप्याचे. दुधी भोपळ्याचे हे लांबलचक सुषिर वाद्य भाताच्या हंगामात वाजते आणि त्याभोवती फेर धरून नाच होतो. धान्याची देवता कणसरी हिची कथा घांगळीच्या साथीने रात्रभर सांगितली जाते. प्रत्येक प्रकाराला वेळ आहे, जागा आहे, सांगणाऱ्याचा अधिकार आहे. आपण ज्याला ‘संदर्भ’ म्हणतो तो या साहित्यात संहितेच्या बाहेर नसतो. तो संहितेचा भाग असतो.

काही वर्षांपूर्वी तलासरी तालुक्यातील एका गावी भरलेल्या साहित्यमेळाव्याला मी माझ्या काही विद्यार्थिनींना घेऊन गेलो होतो. दोन कविसंमेलनांच्या मधल्या वेळात एका वयस्क धवलेरीला व्यासपीठावर बोलावण्यात आले. सूत्रसंचालकांनी तिची ओळख आदराने करून दिली आणि पाच मिनिटे दिली. ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली, इकडेतिकडे पाहिले आणि शेजारच्या बाईला हळूच काही विचारले. नंतर कळले, लग्न कुणाचे आहे, असे तिने विचारले होते. मग तिने दोन ओळी गायल्या आणि ती थांबली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आपल्याला वाटले, बाई बुजली. ती बुजली नव्हती. नवरी नाही, चौक नाही, मांडव नाही, मग गीत पुढे जाणार कुठे? त्या संध्याकाळी तीच बाई गावातल्या एका ओट्यावर माझ्या विद्यार्थिनींशी दोन तास बोलत बसली. त्यांच्यातील एकीचे लग्न ठरले होते, हे समजल्यावर तिने स्वतःहून गायला सुरुवात केली. त्या दोन तासांची नोंद कार्यक्रमपत्रिकेत नव्हती आणि वृत्तान्तातही आली नाही.

चित्र बाहेर पडले, गीत राहिले

वारली चित्रकला आणि वारली गीत यांची तुलना इथे उद्बोधक ठरते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरले. त्यांनी भिंतीवरच्या चौकाबरोबर कागदावर चित्रे करून घेण्यास सुरुवात केली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांची कला त्यातून जगासमोर आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौक लिहिणे ही स्त्रियांची गोष्ट होती. कागदावरचे चित्र पुरुषही करू लागले, त्याला विधीची गरज उरली नाही. आज वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे.

एकाच भिंतीपाशी जन्मलेल्या या जोडीतले चित्र जगभर गेले, मग गीत का गेले नाही? याचे पहिले उत्तर सोपे आहे, चित्राला भाषांतर लागत नाही. दुसरे उत्तर थोडे अस्वस्थ करणारे आहे. चित्र विकत घेणाऱ्याला चित्रकाराशी बोलावे लागत नाही. गीत समजून घेणाऱ्याला मात्र धवलेरीच्या भाषेसमोर काही काळ अडाणी होऊन बसावे लागते. अडाणी होण्याची तयारी असलेले साहित्यरसिक मी फार पाहिलेले नाहीत. या वाक्यात माझ्या स्वतःच्या तरुणपणाचाही समावेश आहे. परिणाम असा, की चित्रे रंगवणाऱ्या आजच्या तरुण पिढीतही त्या चित्रांबरोबरची गीते येणारे कमी होत चालले आहेत. वृद्ध धवलेरीबरोबर जे जाते त्याची दुसरी प्रत नसते.

मग इथे संमेलने भरवू नयेत का, लेखकांसाठी निवास उभारू नयेत का? तसे मुळीच नाही. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९१ पासून किनारपट्टीच्या लहान गावांपर्यंत साहित्यमेळावे नेले. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक उभे केले. यामुळे ज्यांनी कधी कवी प्रत्यक्ष पाहिला नव्हता अशा मुलांनी तो पाहिला. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. भिलारमध्ये यजमानपण गावाकडे राहिले, हे त्या योजनेतले मला सर्वांत आवडलेले अंग. गुजरातेत छोटा उदेपूर भागातील तेजगढ येथे गणेश देवी यांच्या ‘भाषा’ संस्थेने आदिवासी अकादमी स्थापन केली. तिथे आदिवासी तरुणच आपल्या भाषांचे संग्राहक झाले. ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासी भाषांतून निघाले. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही बोलींविषयीची माहिती गोळा करताना त्या त्या समाजातील माणसांना लिहिते करण्याचा प्रयत्न झाला. डहाणू-तलासरीत लेखक-निवासाची कल्पना कधी प्रत्यक्षात आली तर तिने मॅकडॉवेलच्या शांत खोलीपेक्षा तेजगढचा हा नमुना पाहावा, असे मला वाटते. खोलीत राहणारा लेखक मुंबईहूनच यावा असेही नाही. तो गंजाडहून कोसबाडला आलेला असू शकतो. घरात सहा माणसे आणि एकच दिवा असलेल्या तरुण वारली कवीला एकांताची गरज इतर कुणाहून कमी नसते.

भाषेचा प्रश्न तरीही राहतोच. असा कवी वारलीत लिहील की प्रमाण मराठीत? वारलीत लिहिले तर देवनागरीत कोणते उच्चार कसे दाखवायचे, इथपासून तयारी करावी लागते. मराठीत लिहिले तर वाचक मिळतो, पुरस्कारही मिळतो, पण आईला ती कविता वाचून दाखवताना तिचा अर्थ सांगावा लागतो. दोन्हीकडे किंमत मोजावी लागते. कोणती मोजायची हे कवीने ठरवायचे आहे, आयोजकांनी किंवा आपण प्राध्यापकांनी नव्हे.

क्षेत्रीय कार्य

तुम्ही या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात, म्हणजे नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणारे आहात. तुमच्यापैकी अनेकांचे गाव साहित्याच्या नकाशावर नसेल. या घटकासाठी ते सोयीचेच आहे. आपल्या तालुक्यातील कोणताही एक मेळावा निवडा. साहित्यसंमेलन असेल तर उत्तमच; नसेल तर जत्रा, भजनाची बैठक, बोहाडा, लग्नातील गाणी किंवा बचत गटाची वार्षिक सभाही चालेल. डहाणू परिसरात राहणाऱ्यांना चैत्र पौर्णिमेपासून भरणारी विवळवेढे येथील महालक्ष्मीची जत्रा घेता येईल.

मेळाव्यात कोण कोणत्या भाषेत बोलले, भाषा कुठे बदलली आणि ती कुणाला उद्देशून बदलली, याची नोंद करा. बसण्याची रचना रेखाटून दाखवा. कुणाला किती वेळ मिळाला हे घड्याळ लावून पाहा. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारा आणि नकार मिळाला तर तोही नोंदवा, कारण नकार ही सुद्धा माहिती आहे. विधीचे गीत विधीबाहेर म्हणायला सांगू नका. गीत किंवा कथा लिहून घेतलीत तर ती कोणी, कुठे, कोणत्या प्रसंगी सांगितली हे वरच्या ओळीत लिहा. नाव द्यायचे की नाही, ते सांगणाऱ्याच्या इच्छेवर सोडा.

बोलीतील शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नयेत. ऐकू आले तसे लिहावेत आणि अर्थ समासात द्यावा. वही पूर्ण झाली की ज्यांच्याकडून मजकूर घेतला त्यांच्याकडे पुन्हा एकदा जा, त्यांना तो वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने लिहा. अभ्यासकेंद्रात संमंत्रकांकडे द्यायची ती या दुरुस्त्यांसह असलेली वही. स्वच्छ नक्कल करून आणू नका.